सातवा ट्रॅक

मे महिन्यात कूलर लावला तर माइक बंद ठेवावा लागतो,
आणि कूलर बंद ठेवला तर माणूस.
म्हणून उन्हाळ्यात कमाल चौकातल्या या खोलीत
मी कुणाचा आवाज धरत नाही,
नुसत्या जुन्या फायली उघडतो.

उत्पला गजघाटे बुटांच्या खोक्यात
अठ्ठावीस फ्लॉप्या घेऊन आली.
"बाबांचं एखादं गाणं निघते का पाहा.
पुण्यानुमोदनाले लावाचं आहे."

एकोणीस बुरशीने खाल्ल्या होत्या.
विसावी करकर करत उघडली.

मी तिला आधीच सांगितलं,
मिडी फाइलीत आवाज नसतो.
कोणती पट्टी, कधी दाबली, किती जोरात,
कधी सोडली, एवढंच.
आचाऱ्याने लिहून दिलेली यादी असते ना,
तिला कुठे फोडणीचा वास येतो?

"मंग बाबा कुठी आहेत यात?"

मी प्ले दाबलं.
ढोलकी पियानोत वाजली, बासरी पियानोत,
झांजसुद्धा पियानोत.
ज्या पेटीतून हे आवाज निघायचे
ती धनराजभाऊंनी स्लॅबच्या वेळी विकली होती.
तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही,
यादी उघडली, आकड्यांची.

तो प्रोग्राम एका मात्रेचे शहाण्णव तुकडे करायचा.
ढोलकीची थाप दरवेळी चार तुकडे उशिरा.
एक बटन दाबलं की सगळं रांगेत येतं,
बोट तिथपर्यंत गेलंही होतं.
मग सोळा मात्रा खाली वाचत गेलो:
चार, चार, तीन, चार, चार.
चूक इतकी नेमाने येत नाही.
"हे बघ," मी म्हणालो, "इथं आहेत."
मोतीबागच्या वर्कशॉपातून सुटून
रात्री अकराला कीबोर्डवर बसणारा माणूस,
मात्रा जाऊ द्यायचा,
मग हात टाकायचा.

प्रत्येक गाणं त्यांनी दोनदा ठेवलं होतं.
एक फाइल कुणालाही उघडेल अशी.
दुसरी त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या घडणीची,
ती त्याच्याशिवाय कुणाला दाद देत नाही,
आणि तो प्रोग्राम डोंगलशिवाय जागा होत नाही,
आणि ती कंपनी कधीच बुडाली.

"डोंगल म्हणजे?"
मी बोटांनी आकार दाखवला.
तिने पर्समधून लुनाची चावी काढली.
लुना भंगारात गेली, चावी राहिली होती,
तिला काडेपेटीएवढं काहीतरी लटकलेलं.
"मले वाटे, हे रेल्वेचं काही असंन."

बर्डीच्या भंगारातून आणलेला माझा म्हातारा कॉम्प्युटर,
मागे प्रिंटरचं भोक.
पडदा उजळायला चार मिनिटं.

पहिल्या फाइलीत सहा ट्रॅक होते.
इथे सात.
सातवा म्यूट केलेला.
म्यूट केलेलं त्या सगळ्यांसाठीच्या फाइलीत उतरत नाही,
बाहेर जाताना गाळलं जातं.

नावाला आठच अक्षरांची जागा, तीही रोमन.
त्यांनी टाइप केलं होतं: उत्पला न
पुढचं मावलं नाही.

तिसऱ्या अंतऱ्यात एक्केचाळीस पट्ट्या,
दोन्ही तळव्यांनी, तळापासून टोकापर्यंत,
सगळ्या एकशे सत्तावीस जोराने.
त्याहून जास्त जोर फाइलीला लिहिता येत नाही.

"मी स्टुलावर चढली होती," ती म्हणाली.
"मार भेटला होता बहुतेक. नसंनही."

म्यूट काढलं.
पियानो झालेल्या त्या ढोलकीत, त्या बासरीत
एवढंच काय ते जसंच्या तसं होतं,
चार वर्षांची पोर, पट्ट्यांवर आपटणारी.
पुन्हा लावू का, विचारलं.
तिने नावाकडे बोट केलं.
"न म्हणजे नको असंन न?"
नको, की नाच, की नंतर काढू.
मला कसं माहीत असणार.

"कार्यक्रमाले सहावाली द्या.
सातवाली मले."
ती तुमच्या घरी उघडणार नाही, मी म्हणालो.
"मालूम आहे."
डोंगल तिने पुन्हा त्याच चावीला अडकवलं.

ती गेल्यावर मी कूलर लावला.